उष्टा हात

जयसिंगपूरच्या सहाव्या गल्लीत पद्मावती मगदूम यांची खानावळ होती, आणि अलीकडे त्या खानावळीत कान किटतील इतकी शांतता असायची.

माणसं यायची, जेवायची, तृप्त होऊन जायची. भाकरी मोडल्याचा आवाज यायचा, वाटी सरकल्याचा यायचा. पण "आज आमटी कशाची हो?" असं विचारणारा कुणी म्हणून उरला नव्हता. विचारणार कशाला? प्रत्येकाच्या कानामागं मसुराएवढी टिकली चिकटवलेली. आमटी कशाची असं मनात यायचा अवकाश, की टिकली आतल्या आत सांगून मोकळी : हुलग्याची. सून सुनेत्रा रोज सकाळी बेत यंत्रात घालून ठेवायची, तेवढ्यावर टिकलीचं भागायचं.

"मयताला आलेली माणसंसुद्धा चार शब्द बोलतात," अक्का म्हणायच्या. पद्मावतीबाईंना पोटच्या मुलापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे अक्काच म्हणत.

टिकलीचं शास्त्र त्यांना महावीरनं, त्यांच्या मुलानं, ताटं पुसता पुसता समजावलं होतं. माणूस मनातल्या मनात शब्द जुळवतो तेव्हा तोंड मिटलेलं असलं, तरी जिभेचं मूळ आणि घशाचे स्नायू किंचित हलतात. त्या हालचालीत वीज असते, मुंगीला चटका बसणार नाही इतकी थोडी. टिकली ती वीज वाचते. आधीच्या यंत्रांना प्रश्न लिहून द्यावा लागायचा, निदान पुटपुटावा तरी लागायचा. हिला तो जुळत असतानाच कळतो. उत्तर कानामागच्या हाडातून आत जातं, शेजारच्याला ऐकू येत नाही. समोरचं माणूस नुसतं 'नमस्कार' म्हणालं, तरी आवाजावरून त्याचं नाव, गाव, मागच्या खेपेला काय बोलणं झालं, सगळं ती कानात घालते.

"म्हणजे याला काही येत नव्हतं हे कुणाला कळतच नाही," अक्का म्हणाल्या होत्या.

"तेच तर लोकांना आवडलं, अक्का," महावीर म्हणाला होता.

त्यावर अक्कांनी टिकलीचा आणि ती शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तो करताना डोक्यावरचा पदर त्यांनी डाव्या कानावरून जरा पुढं ओढून घेतला. कारण त्या पदराखाली, कानामागं, त्यांचीही एक टिकली होती.

ती त्यांनी स्टेशन रोडवरच्या औषधाच्या दुकानातून स्वतः जाऊन आणली होती, वर्ष झालं त्याला. बस्तीत, जैन मंदिरात, शेजारी बसलेल्या बाईचं नाव आठवेना. जिच्याबरोबर परकराच्या वयापासून लोणची घातली, तिचं. मग एकेक जायला लागलं. आणि अक्कांची आठवण म्हणजे गल्लीची कचेरी होती. कुणाची सोयरीक कुणाकडं, कुठल्या घराची भिंत आधी कुणाची, वाद झाला की माणसं अक्कांच्या ओट्यावर यायची. शाळेत दुसरीपलीकडं न गेलेल्या बाईनं जन्मभर जी मान ताठ ठेवली, ती या आठवणीच्या जोरावर. आपल्याला येत नाही हे त्यांनी आजवर कुणाला म्हटलेलं नव्हतं. आता म्हणण्यापेक्षा जीव गेलेला बरा, असं त्यांना वाटे. आपल्या वयाच्या बायका बस्तीत कशा घडाघडा बोलतात, आणि आपलंच डोकं तेवढं सडलं.

*

एके काळी याच खानावळीत एवढा गलका असायचा की रस्त्यावरचा कुत्राही उंबऱ्याशी येऊन ऐकत बसायचा.

महावीर पुण्याची नोकरी सोडून आला तेव्हा घरात रडारड झाली होती. आल्या आल्या त्यानं माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत वर्ग काढला. प्रोग्रॅमिंग शिकवायचा, रुबी नावाच्या भाषेतलं. मागावरून उठलेली पोरं, शिरोळ-कुरुंदवाडच्या पोरी, एक तर बेकरीतला होता, मैद्याचे हात घेऊनच यायचा. मगदुमांची खानावळ जैन पद्धतीची, कांदा-लसूण नाही आणि सूर्य मावळायच्या आत चूल बंद. त्यामुळे वर्ग उजेडातच सुटायचा आणि सगळी धाडधाड जिना उतरून पंगतीला बसायची. डोक्यात अर्धवट शिजलेले प्रश्न घेऊन.

प्रश्न दर वर्षी तेच. पोरं नवी, प्रश्न जुने. अक्कांना ते वाढून वाढून पाठ झाले होते. रुबीत शून्य हे 'खरं' कसं धरतात? एकच गोष्ट करायच्या चार चार रीती कशाला? आणि पहिल्या महिन्यात हमखास येणारा : यंत्र 'निल'च्या नावानं बोंब मारतंय, हा निल कोण? मग महावीर बेकरीवाल्याच्या पुढ्यातलं ताट उचलून घ्यायचा. म्हणायचा, रिकामं ताट वेगळं, ताटच नसणं वेगळं. रिकाम्या ताटाला 'तुझ्यात किती भाकऱ्या' विचारलं तर ते 'एकही नाही' म्हणेल. ताटच मांडलेलं नसेल तर विचारणार कुणाला? तोच निल. बेकरीवाला म्हणायचा, कळलं, आता ताट द्या.

वर्गाची एक रीत होती. ती कुणी ठरवली नव्हती, पडून गेली. पहिल्या वर्षी एक पोरगी प्रश्न विचारायला लाजत होती. खालमानेनं भात कालवत बसलेली. महावीरनं तिला उभं केलं, मोठ्यानं विचारायला लावलं, आणि पंगतीला म्हणाला, "हे ज्याला ज्याला येत नाही, त्यानं हात वर करा." सगळे जेवत होते. पंगतभर आमटी-भाताचे उष्टे हात वर झाले, कुणाच्या कोपरापर्यंत ओघळ. ती पोरगी आधी बघत राहिली आणि मग अशी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून तसंच चाललं. कुणी उभं राहिलं, विचारलं, की 'उष्टा हात वर'. उत्तर नंतर. अक्का ओरडायच्या, सतरंजीवर डाग पडतात म्हणून. पण ती पोरगी त्यांच्या मनात भरली होती, आणि दोन वर्षांनी तीच सुनेत्रा मगदूम होऊन घरात आली.

पुढं प्रोग्रॅम यंत्रंच लिहायला लागली. वर्गातली गर्दी कमी कमी होत गेली, आणि एका उन्हाळ्यात महावीरनं माडीला कुलूप लावलं. किल्ली खिळ्याला अडकवताना तो काहीच बोलला नाही. अक्कांना त्याचा राग आला होता. गप्प बसणाऱ्या माणसाचा त्यांना नेहमीच राग यायचा.

*

त्या शुक्रवारी दुपारी दारात एक पोरगी उभी राहिली. मोठी पिशवी, सुकलेलं तोंड. "आज्जी," ती म्हणाली.

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. टिकली आत म्हणाली : अन्विता, महावीर आणि सुनेत्राची मुलगी, पुण्याला असते.

"अन्विता," अक्का म्हणाल्या. "सांगून यायला काय झालं होतं? आणि ही केवढी पिशवी, संसार मोडून आलीस का?"

जवळजवळ तसंच होतं. अन्विता पुण्यात खुलासेदार म्हणून लागली होती. हे काम नव्यानं निघालेलं. नवे प्रोग्रॅम यंत्रं लिहीत, पण ज्यांच्यावर माणसांचे जीव अवलंबून, ते बरेचसे वीस-तीस वर्षांमागचे होते, आणि कायदा असा झाला होता की त्यातली ओळ बदलायची तर एका जित्याजागत्या माणसानं ती समजून घेऊन सही करायची, टिकली काढून, तोंडी खुलासा देऊन. अन्विताच्या गटाकडं रक्तपेढ्यांच्या साठ्याचा जुना प्रोग्रॅम होता. रुबीतला. बापाची भाषा म्हणून तिनं तो हौसेनं मागून घेतला होता.

सरावाच्या प्रतीत तिनं रक्ताच्या पिशव्यांसाठी तीन फळ्या मांडल्या. एका फळीवर पिशवी ठेवली, तर ती तिन्ही फळ्यांवर दिसायला लागली. खऱ्या प्रोग्रॅममध्ये हे घडलं असतं, तर नसलेलं रक्त आहे म्हणून कुणाला तरी शस्त्रक्रियेला घेतलं असतं. टिकलीनं चूक सांगितली, तिनं दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा. टिकलीनं पुन्हा सांगितलं. असं किती वेळा.

"ऐकते तेव्हा कळतं, आणि टिकली काढली की कोरी," ती बापाला सांगत होती. अक्का आत शेंगा फोडत ऐकत होत्या. गटातले बाकीचे बैठकीत किती शांत बसतात, एकही प्रश्न नाही कुणाचा, सगळ्यांना सगळं येतं. सोमवारी राजीनामा पाठवायचा. लिहून तयार आहे.

महावीरनं समजावलं, की ही चूक तर सगळेच करतात, माझ्या वर्गात एक वर्ष तिच्यावाचून गेलं नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बाप आहात म्हणून म्हणता. सगळ्यांना येतं. मला एकटीलाच येत नाही."

अक्कांचा शेंग फोडणारा हात थांबला. हे वाक्य त्यांनी वर्षभर रोज स्वतःच्याच मनात ऐकलं होतं, शब्दाला शब्द.

जरा वेळानं त्या बाहेर आल्या आणि अन्विताला म्हणाल्या, "रविवारी तुझ्या गटातल्या सगळ्यांना जेवायला बोलव. म्हणावं, आज्जी म्हातारी आहे, पुन्हा भेटेल न भेटेल. निरोपाचं जेवण समज. मग पाठव तुझा राजीनामा, मी अडवत नाही."

*

नव्या रस्त्यानं पुणं आता जवळ आलं होतं. रविवारी सगळे दुपारच्या आत हजर. गटाचा प्रमुख कौस्तुभ दातार, उंच, इस्त्रीचा. तबस्सुम शिकलगार, जिला अन्विता सर्वांत हुशार समजायची. आणखी तिघं-चौघं. उंबऱ्यावर अक्का पितळी डबा घेऊन उभ्या.

"चपला तिथं, टिकल्या इथं," त्या म्हणाल्या.

कौस्तुभनं काही बोलायला तोंड उघडलं, अक्कांनी नुसतं बघितलं, आणि त्यानं कानामागं हात घातला. डबा भरला. अक्कांनी तो कोनाड्यात ठेवला. स्वतःचा पदर मात्र त्यांनी चाचपून सारखा केला.

पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, दोडक्याची भाजी. टिकली काढलेली माणसं बघायला गंमत वाटत होती. मीठ कुठं आहे ते कळेना आणि विचारायची सवय मोडलेली, त्यामुळे सगळे माना वळवून शोधत होते. तबस्सुमनं शेवटी लाजत लाजत 'जरा मीठ' म्हटलं, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

जेवण अर्ध्यावर आल्यावर महावीरनं अन्विताला खूण केली. अक्कांनी दोघांना सकाळीच दम भरून ठेवला होता. अन्विता उभी राहिली. हात पुरणानं माखलेला, चेहरा पांढरा.

"मी तीन फळ्या मांडल्या," ती म्हणाली. "एकीवर पिशवी ठेवली, ती तिन्हींवर दिसली. का, ते मला येत नाही. उत्तर पाठ आहे. पण येत नाही."

महावीरनं रीत सांगितली. पुष्कळ वर्षांनी तो आवाज चढवून बोलत होता. "हे ज्याला ज्याला येत नाही, त्यानं उष्टा हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. कौस्तुभ आमटीत बघत होता. तबस्सुम पोळीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा दुमडत होती. अन्विताचे डोळे भरून आले. आता ही बसेल, उठेल आणि सरळ जाऊन ते पत्र पाठवून देईल, हे अक्कांना लख्ख दिसलं. दाराशी उभ्या असलेल्या अक्कांनी आपला हात वर केला.

पंगतीत हलकं हसू पसरलं. कौस्तुभ अदबीनं म्हणाला, "आज्जी, तुम्हाला कुठून येणार हे? तुम्ही कशाला हात वर करताय?"

त्याचं खरं होतं. अक्कांना कळलं, की ज्या हाताला काही मोजावं लागत नाही तो वर करून उपयोग नाही. त्यांनी हात खाली घेतला. मग तोच हात पदराखाली कानामागं गेला. टिकली निघाली तेव्हा कातडी जरा ओढली गेली. त्यांनी ती तळहातावर धरून सगळ्यांपुढं केली.

"ही माझी. डब्यात टाकली नव्हती," त्या म्हणाल्या. सुनेत्राच्या हातातली पळी तशीच राहिली.

"शुक्रवारी ही पोरगी दारात आली, आज्जी म्हणाली. तोंड माझ्या घरचं, पण नाव येईना. ह्या मसुरानं सांगितलं मला. माझ्या नातीचं नाव. हिच्या बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्या होत्या." त्यांचा आवाज चढला, रागावल्यासारखा. त्यांना दुसरा आवाज येतच नव्हता. "वर्ष झालं, मला येत नाही. गल्लीत सगळ्या बायकांना येतं, मला एकटीला येत नाही, असं म्हणत पदर ओढून बसले होते. आता हसायचं त्यानं हसा."

कुणी हसलं नाही.

मग इस्त्रीच्या बाहीचा एक हात वर गेला. कटाची आमटी मनगटावरून घड्याळाखाली ओघळली.

"मलाही येत नाही," कौस्तुभ म्हणाला. "दर वेळी टिकलीला विचारतो. तुम्हा सगळ्यांना येत असणार, म्हणून बैठकीत गप्प बसतो."

तबस्सुम त्याच्याकडं वळली. "तुम्ही गप्प बसता म्हणून मी गप्प बसते."

तिचा हात वर गेला, मग एकेक करत सगळ्यांचे. सतरंजीवर पुरण पडलं. अक्कांना ते दिसलं, पण त्या ओरडल्या नाहीत.

महावीरनं मधोमध एकच रिकामं ताट ठेवलं. तिघांना त्याच्याकडं बोट दाखवायला लावलं. "हे तुझं ताट, हे तुझं, आणि हे तुझं," तो म्हणाला, आणि त्यात एक पोळी टाकली. "आता प्रत्येकानं सांगा, तुमच्या ताटात किती पोळ्या?" एक, एक, एक. तीन पोळ्या झाल्या की एकच? रुबीला तू म्हणालीस, ही रिकामी फळी घे आणि तीन जागी मांड. तिनं फळी एकच ठेवली आणि तिच्याकडं तीन बोटं दाखवली. तिची काही चूक नाही. तीन वेगळ्या हव्यात तर तिला कृती द्यावी लागते, की प्रत्येक जागेसाठी नवी फळी करून घे. तयार फळी द्यायची नाही, फळी करायची रीत द्यायची. महावंशाची पोरं एकाच ताटात जेवत असतील तर तो प्रेमाचा भाग, रक्तपेढीत चालत नाही.

"महावंश कोण?" कौस्तुभनं विचारलं.

"शेजारचे," अक्का म्हणाल्या, आणि ते नाव आपलं आपण आलं म्हणून मनातून सुखावल्या.

मग काय, बांध फुटल्यासारखं झालं. एकानं शून्याचा प्रश्न काढला, दुसऱ्यानं निलचा. तबस्सुम आणि कौस्तुभ भांडायलाच लागले. महावीर ताटं उचलत होता, मांडत होता, सुनेत्रा मधेच त्याची चूक काढत होती. अन्विता तोंडात घास घेऊन बोलत होती आणि तिला कुणी रागवत नव्हतं. चूल गार झाली तरी पंगत उठली नाही.

ऊन उतरल्यावर गाडी निघाली, तेव्हा अन्विताही पिशवी घेऊन तिच्यात बसली. राजीनामा तिनं तिथंच पुसून टाकला. टिकल्या कुणी फेकल्या नाहीत, कामाला लागतातच त्या. पण गटानं ठरवलं, की जेवणाच्या सुट्टीत त्या डब्यात ठेवायच्या आणि हातानं जेवायचं, चमच्यानं नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर अक्कांनी कमरेची किल्ल्यांची जुडी सोडून सुनेत्रापुढं धरली. आपल्या हातानं देणं बरं, काढून घेण्याआधी. सुनेत्रानं ती घेतली नाही. कोठीची किल्ली कुठली एवढं मला दाखवून ठेवा, म्हणाली, आणि उद्या आपण मिरजेला डॉक्टरांकडं जाऊ. महावीर अंगणात पाठमोरा उभा होता. कधीपासून, एवढंच त्यानं विचारलं, आणि उत्तर ऐकून गप्प राहिला. त्याच्या गप्प बसण्याचा अक्कांना त्या दिवशी राग आला नाही.

*

डॉक्टरांनी टिकली लावायला हरकत नाही म्हणून सांगितलं. अक्कांनी लावली नाही. त्या विचारायला लागल्या. विचारायच्या तेही हुकूम सोडल्यासारखं, जणू समोरच्यानंच त्यांचं काही पळवलं आहे. तुझं नाव काय, आज वार कुठला, मीठ घातलंय का मी. आणि बस्तीतल्या बायकांपुढं एकदा त्यांनी रोखठोक सांगून टाकलं, तेव्हा दोघींनी पदर बाजूला करून आपापले कान दाखवले.

दिवाळीच्या सुमारास अन्विता आली. अक्का ओट्यावर गहू निवडत होत्या. अन्विता फाटकाशी थांबली. काही न बोलता उभी राहिली, आपणहून नाव सांगितलं नाही. अक्कांनी मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"चेहरा घरचा आहे," त्या म्हणाल्या. "पुढचं येत नाही. सांग."

"अन्विता."

"कुणाची?"

"महावीरची."

"तरीच नाक वर." अक्का सूप घेऊन सरकल्या, ओट्यावर जागा झाली. "बस. आता तू विचार."

"मी काय विचारू?"

"तुला येत नाही ते. सारखं मीच विचारायचं म्हणजे काय, या घरात मी एकटीच अडाणी?"

अन्वितानं विचार केला. हसली. "आज्जी, माझी भाकरी तव्यावर टाकताना मोडते. दर वेळी."

"हात बघू."

अक्कांनी तिचा पंजा आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, बोटं एकेक करून चाचपली. त्यांचा स्वतःचा अंगठा त्या तळव्यावर आपोआप गोल फिरायला लागला, थापल्यासारखा.

"पाणी कमी घेतेस," त्या म्हणाल्या. "आणि भितेस. ऊठ, चूल पेटव."